गुलामाचे नाव, बायकांचे घाम : कीव्हच्या स्पार्ताक महिला हँडबॉल संघाचा इतिहास

इतिहासात जिंकणाऱ्यांची नावे राहतात आणि हरणाऱ्यांची पुसली जातात, असे आपण नेहमी म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण जिंकूनही ज्यांची नावे राहिली नाहीत अशी माणसे जगात आहेत, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी आहे. कीव्ह शहरातील ‘स्पार्ताक’ नावाच्या महिला हँडबॉल संघाने १९६९ पासून १९८८ पर्यंत ओळीने वीस वेळा सोव्हिएत संघाचे विजेतेपद मिळवले. १९७० ते १९८८ ह्या काळात युरोपचा विजेत्यांचा चषक तेरा वेळा जिंकला. सांघिक खेळात असा पराक्रम, पुरुषांचा असो वा स्त्रियांचा, फार थोड्या संघांच्या नावावर आहे. तरीही ह्या संघातील दोन मुलींची नावे सांगा असे एखाद्या व्यायामशिक्षकाला विचारले, तर तो गप्प राहील. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेच नाही. न सांगण्याची ही रीत कशी तयार होते, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

१

प्रथम खेळाचाच इतिहास पाहू. हाताने चेंडू फेकून गोल करण्याचे खेळ युरोपात एकाच ठिकाणी जन्मले नाहीत. डेन्मार्कमध्ये होल्गर नील्सन ह्या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेतल्या मुलांसाठी असा खेळ बसवला आणि १९०६ साली त्याचे नियम छापले. बोहेमियात ‘हाझेना’ नावाचा खेळ आला आणि तिथल्या मुलींनी तो उचलून धरला. युक्रेनमधील खार्किव शहरात एदुआर्द माली ह्या शिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःचा वेगळा प्रकार रचला. शाळा आणि शिक्षक हे ह्या खेळाचे खरे माहेर आहे.

पण ‘हँडबॉल’ ह्या नावाने नियम बांधून खेळ उभा राहिला तो बर्लिनमध्ये. तारीख २९ ऑक्टोबर १९१७. पहिल्या महायुद्धाचे ते चौथे वर्ष होते. पुरुष आघाडीवर गेले होते आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका राबत होत्या. १९१६-१७ चा हिवाळा तर बर्लिनच्या लोकांनी बटाट्याऐवजी गुरांना घालायचे कंद खाऊन काढला होता. अशा शहरात माक्स हायझर ह्या व्यायामाधिकाऱ्याने ‘टोरबॉल’ नावाच्या खेळाला नवे नियम आणि नवे नाव दिले. हा खेळ त्याने बायका-मुलींसाठी बांधला होता. म्हणून अंगाला अंग भिडवण्यास त्यात मनाई होती.

दोनच वर्षांनी, १९१९ साली, बर्लिनच्याच कार्ल शेलेन्झ ह्या शिक्षकाने नियम बदलले. चेंडू लहान केला. अंगाशी अंग भिडवून झुंजण्याची मुभा दिली. म्हणजे हा खेळ पुरुषांना खेळता येईल असा केला. शेलेन्झचे काम मोठे होते, ह्यात शंका नाही. खेळ देशोदेशी पोहोचला तो त्यानेच. परंतु पुढे अनेक पुस्तकांत ‘हँडबॉलचा जनक’ म्हणून त्याचे नाव लागले आणि ज्या बर्लिनच्या बायकांनी हा खेळ प्रथम खेळला त्या प्रस्तावनेतल्या एका वाक्यापुरत्या उरल्या. बायकांसाठी निघालेली वस्तू पुरुषांनी घेतली की ती ‘गंभीर’ होते, ही गोष्ट शेतीपासून स्वयंपाकापर्यंत सगळीकडे दिसते. खेळही त्याला अपवाद नाही.

पुढच्या तारखा एका रांगेत ठेवून पाहाव्यात. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हँडबॉल खेळला गेला. मैदान उघडे, एका बाजूला अकरा खेळाडू, सगळे पुरुष. ज्या शहरात हा खेळ बायकांसाठी निघाला त्याच शहरात एकोणीस वर्षांनी बायका प्रेक्षकांत बसल्या होत्या. तोपर्यंत जर्मनीतील कामगारांची क्रीडा चळवळही हिटलरने १९३३ मध्ये मोडून काढली होती. त्या चळवळीने १९२५ मध्ये फ्रँकफर्टला आणि १९३१ मध्ये व्हिएन्नाला कामगारांची ऑलिंपिके भरवली होती आणि त्यांत कामगार स्त्रियाही उतरल्या होत्या. हा दरवाजाही बंद झाला. छपराखालच्या, सात-सात खेळाडूंच्या हँडबॉलची पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९३८ साली झाली. बायकांची १९५७ साली, युगोस्लाव्हियात. मध्ये पुन्हा एकोणीस वर्षे. पुरुषांचा हँडबॉल १९७२ मध्ये म्यूनिकला ऑलिंपिकमध्ये परत आला. बायकांना १९७६ च्या मॉन्ट्रियलपर्यंत थांबावे लागले. म्हणजे बर्लिनमधल्या त्या ऑक्टोबरपासून ऑलिंपिकच्या मैदानात पाऊल ठेवायला बायकांना एकोणसाठ वर्षे लागली.

त्या मैदानात पहिले पाऊल ठेवून जिंकल्या त्या बहुसंख्य कीव्हच्या मुली होत्या.

२

कीव्ह हे शहर कसे होते? १९४१ ते १९४३ ते नाझींच्या ताब्यात होते. शहराच्या कडेला बाबिन यार नावाची घळ आहे. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ ह्या दोन दिवसांत तिथे तेहतीस हजारांवर ज्यू माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि मुलाबाळांना, गोळ्या घालून मारण्यात आले. शहराचा मुख्य रस्ता ढिगाऱ्यात गेला होता. युद्धानंतर तो उभा करायला पुरुष पुरेसे उरले नव्हते. विटा उचलणारे, रस्ते झाडणारे, यंत्रे चालवणारे हात पुष्कळ अंशी बायकांचेच होते. झिनाइदा स्तोलितेन्को ही मुलगी १९४६ साली ह्या शहरात जन्मली. तिच्या पिढीला अन्न मोजून मिळाले, पण तिने आईला काम करताना पाहिले होते. बाईने घराबाहेर अंगमेहनत करणे ही तिच्या डोळ्यांना रोजची गोष्ट होती.

इहोर तुर्चिन हा १९३६ साली जन्मलेला तरुण प्रशिक्षक एकोणीसशे पन्नाशीच्या अखेरीस कीव्हच्या शाळकरी मुलींना हँडबॉल शिकवू लागला. झिनाइदा बारा-तेरा वर्षांची असताना त्याच्याकडे आली. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा संघ कुणी पैसेवाल्याने खेळाडू विकत घेऊन उभा केलेला नाही. एका शिक्षकाने शाळेतल्या पोरी जमवल्या, त्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर संघ वाढला. १९६२ साली ह्या मुलींचा संघ ‘स्पार्ताक’ ह्या क्रीडासंस्थेच्या नावाखाली आला. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांनी देशाचे विजेतेपद घेतले आणि वीस वर्षे ते कुणाला दिले नाही.

आता नावाविषयी थोडे. स्पार्ताक म्हणजे स्पार्टाकस, रोमच्या सत्तेविरुद्ध उठलेला गुलाम. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा शब्द ग्रंथाच्या माथ्यावर लिहिला, तेव्हापासून गुलाम ह्या शब्दाचे वजन आपल्याला ठाऊक आहे. म्हणून एखादी क्रीडासंस्था बंडखोर गुलामाचे नाव घेते हे वाचून मन भरून येते. ‘स्पार्ताक’ ही संस्था १९३५ मध्ये मॉस्कोत निघाली. कारागिरांच्या सहकारी संस्था तिच्या पाठीशी होत्या. लष्कराचा आणि पोलिसांचा संघ वेगळा, आणि हा साध्या कष्टकऱ्यांचा, अशी तिची ओळख होती. तिच्या संस्थापकांत निकोलाय स्तारोस्तिन हा फुटबॉलपटू अग्रभागी होता. १९४२ मध्ये त्याला भावांसह अटक झाली आणि दहा वर्षांची छावणीची शिक्षा झाली. बंडखोर गुलामाचे नाव संघाला देणारा माणूस त्याच राज्याच्या सक्तमजुरीच्या छावण्यांत गेला. नाव घेणे सोपे असते. नावाला जागणे राज्यसत्तेला परवडत नाही. मोठ्या माणसांची नावे रस्त्यांना आणि इमारतींना देऊन मोकळे होणाऱ्या सत्ता आपण पाहिल्या आहेत, म्हणून हे समजायला आपल्याला वेळ लागू नये.

३

सोव्हिएत व्यवस्थेने ह्या मुलींना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, ह्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. एकच बाजू मांडणे हे प्रचाराचे काम आहे, इतिहासाचे नाही.

दिले ते पुष्कळ. मुलींना शाळेच्या वयात मैदान मिळाले, छप्पर असलेली व्यायामशाळा मिळाली, बूट, चेंडू, प्रशिक्षक, प्रवास मिळाला. ह्यांतल्या एकाही गोष्टीसाठी बापाची ऐपत पाहिली जात नव्हती. ‘मुलीच्या जातीला खेळ कशाला’ हा प्रश्न निदान सरकारी कागदावर तरी विचारला जात नव्हता. लग्न झाले, मूल झाले म्हणून खेळ संपला असेही नव्हते. झिनाइदाने प्रशिक्षक तुर्चिनशी लग्न केले. तिला दोन मुले झाली आणि ती खेळत राहिली. १९७६ ला मॉन्ट्रियल, १९८० ला मॉस्को आणि १९८८ ला सेऊल अशी तीन ऑलिंपिके ती खेळली. सेऊलला तिचे वय बेचाळीस होते.

घेतले तेही पुष्कळ. ह्या खेळाडू कागदोपत्री हौशी होत्या. कुणी विद्यार्थिनी, कुणी कुठल्याशा खात्यात नोकरीला. प्रत्यक्षात वर्षाचे बहुतेक दिवस त्या सराव शिबिरात आणि प्रवासात असत. हँडबॉलचे मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असते. दर अर्ध्यात तीस मिनिटे खेळाडू ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावत असते, आणि गोलापासूनच्या सहा मीटरच्या रेषेवर उडी मारून चेंडू फेकताना प्रतिपक्षाचे खांदे आणि कोपर तिच्या अंगावर येत असतात. हे वीस वर्षे अव्वल राहून करायचे म्हणजे शरीराची काय दशा होत असेल ते कष्ट केलेल्या माणसाला सांगायला नको. तुर्चिनची शिस्त कठोर म्हणून प्रसिद्ध होती. कीव्हचा संघ त्याचा आणि देशाचा संघही त्याचाच. म्हणजे एखादीचे त्याच्याशी पटले नाही तर तिला दुसरीकडे जाऊन दाद मागण्याची सोयच नव्हती. १९८४ मध्ये राज्यकर्त्यांनी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. चार वर्षे तयारी केलेल्या मुलींचे मत कुणी विचारले नाही. पदक येणार असेल तर ते देशाचे. पदकाची संधी गेली तर ती मात्र एकेकीची.

तुर्चिन मोठा प्रशिक्षक होता. त्याच्या हाताखाली देशाच्या संघाने दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणली, १९८२ आणि १९८६ ची जागतिक विजेतेपदे आणली. त्याला लहान करण्याचे कारण नाही. परंतु ह्या संघाविषयी जिथे चार ओळी छापल्या जातात तिथे ‘तुर्चिनचा संघ’ असे लिहिलेले असते. गोल मारणाऱ्या, अडवणाऱ्या, पडून उठणाऱ्या बायका त्या षष्ठी विभक्तीत सामावून जातात. हायझर-शेलेन्झच्या वेळी जे झाले तेच इथे निराळ्या रूपात झाले. व्याकरणाचा एक प्रत्यय माणसाची मालकी ठरवून टाकतो.

४

नोंदवहीतून बायका कशा हरवतात, ह्याचे एक उदाहरण पाहा. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या यादीत ल्युदमिला बोब्रुस हे नाव आहे. १९८० च्या यादीत ते नाही. तिथे ल्युदमिला पोरादनिक आहे. १९७६ ला तेत्याना माकारेत्स आहे, १९८० ला तेत्याना कोचेर्हिना. १९७६ ला ल्युबोव बेरेझ्ना, १९८० ला ल्युबोव ओदिनोकोवा. १९७६ ला नातालिया शेरस्त्युक, १९८० ला नातालिया तिमोश्किना. नुसती यादी चाळणाऱ्याला वाटेल की चार खेळाडू गेल्या आणि चार नव्या आल्या. वस्तुतः ह्या त्याच चौघी. मध्ये लग्न झाले आणि आडनाव बदलले. दोन सुवर्णपदके दोन नावांत वाटली गेली. पुरुष खेळाडूच्या बाबतीत असे कधीच होत नाही. त्याचे पदक आणि त्याचे नाव जन्मभर एकत्र राहतात. झिनाइदाही स्तोलितेन्कोची तुर्चिना झाली, आणि तिचे आडनाव उच्चारले की आधी प्रशिक्षक आठवतो.

दुसरी गोष्ट राष्ट्राच्या नावाची. मॉन्ट्रियलच्या त्या विजयी संघात कीव्हच्या मुलींची संख्या मोठी होती. त्यांच्याबरोबर लिथुआनियाची आल्दोना नेनेनिएने होती, अझरबैजानची रफिगा शबानोवा होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिले, ‘रशिया जिंकला’. आपल्या मराठी वर्तमानपत्रांनाही सोव्हिएत संघाला सरसकट रशिया म्हणायची सवय होती. स्वस्त सोव्हिएत पुस्तके हौसेने वाचणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही ती होती. युक्रेनी, लिथुआनियन, अझरबैजानी ही नावे एका मोठ्या नावाच्या पोटात गेली. मोठ्या घराच्या नावावर लहान घराची कमाई जमा होणे हा काही नुसता छापण्यातला निष्काळजीपणा नव्हे. त्यामागे सत्तेची उतरंड असते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनवर चालून गेल्या आणि कीव्हवर क्षेपणास्त्रे पडू लागली, तेव्हा त्या उतरंडीचा अर्थ साऱ्या जगाला कळला. त्या पदकांतला किती वाटा कीव्हचा होता हे तेव्हा सांगावे लागले, कारण आधी कुणी लिहून ठेवले नव्हते.

५

शेवटही सांगितला पाहिजे. १९८८ मध्ये स्पार्ताकने देशाचे विसावे विजेतेपद आणि युरोपचा तेरावा चषक घेतला. त्याच वर्षी सेऊलला सोव्हिएत संघ तिसरा आला; सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या मुलींनी नेले. १९८९ मध्ये देशाचे विजेतेपद क्रास्नोदारच्या कुबान संघाकडे गेले आणि वीस वर्षांची साखळी तुटली. युरोपचा चषक त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या एका संघाने घेतला. त्या संघाचे नाव होते हायपोबँक. गुलामाच्या नावाचा संघ उतरला आणि बँकेच्या नावाचा संघ चढला. काळ कुठे वळला हे सांगायला एवढी एक नोंद पुरे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. राज्याचा आधार सुटला, पैसा आटला. सरहद्दी उघडल्या तशा पूर्व युरोपातल्या चांगल्या खेळाडू पश्चिमेच्या संघांकडे गेल्या. त्यांना दोष देता येत नाही. घर चालवायचे होते, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या कसबाचा मोबदला आपल्या हातात येत होता. पूर्वी राज्याने घाम घेऊन मोबदला पदकात दिला. आता बाजाराने मोबदला रोख दिला, पण शाळेतल्या बारा वर्षांच्या मुलीला फुकट मिळणारे मैदान काढून घेतले. ह्या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट असली पाहिजे, ती कुठली हा प्रश्न अजून उभा आहे.

इहोर तुर्चिन ७ नोव्हेंबर १९९३ रोजी बुखारेस्टला वारला. संघ तिथे युरोपीय स्पर्धेचा सामना खेळायला गेला होता. शतक संपताना आंतरराष्ट्रीय हँडबॉल संघटनेने झिनाइदा तुर्चिनाला विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ महिला हँडबॉलपटू म्हणून गौरवले. आणि कीव्हच्या त्या पहिल्या मुलींनी घालून दिलेली वाट बंद पडली नव्हती. स्वतंत्र युक्रेनच्या मुलींनी २००० मध्ये युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. ह्या वेळी पदकाच्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या देशाचे नाव होते.

६

हा दूरदेशीचा इतिहास आपण का वाचावा? त्यात शिक्षकाने, कार्यकर्त्याने आणि विद्यार्थ्याने उचलावे असे काही आहे म्हणून.

पहिले हे की, मोठे संघ भांडवलापासून सुरू होत नाहीत. एका शाळेतून, एका शिक्षकापासून आणि रोज न चुकता मैदानावर येणाऱ्या पंधरावीस पोरींपासून सुरू होतात. मैदान खुले असेल आणि मुलीच्या येण्याला कुणाची आडकाठी नसेल, तर पुढचे काम मुली स्वतः करतात. अडथळा मुलींच्या अंगात नसतो, मैदानाच्या फाटकावर असतो.

दुसरे हे की, जो मैदान देतो तो मालक होऊ पाहतो. मग ते राज्य असो, प्रशिक्षक असो की बँक असो. उपकाराची जाणीव ठेवावी, पण तिच्या बदल्यात तोंड बंद ठेवू नये. ज्या संघात खेळाडूला ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणण्याची जागा नाही, तो वीस वर्षे जिंकला तरी त्याच्या माथ्यावर स्पार्टाकसचे नाव शोभत नाही.

तिसरे अगदी साधे आहे. आपल्या शाळेचा, वस्तीचा, मंडळाचा मुलींचा संघ असेल, मग तो कबड्डीचा असो, खो-खोचा असो वा हँडबॉलचा, तर त्याची एक वही ठेवा. तीत प्रत्येकीचे पूर्ण नाव लिहा. लग्नानंतर आडनाव बदलले तर नवे नाव जुन्याच्या शेजारी लिहा, जुने खोडू नका. गोल कुणी मारला, कुणी अडवला, कुणाचा गुडघा कुठल्या सामन्यात गेला, कुणाला घरून परवानगी मिळाली नाही, तेही लिहा. फक्त प्रशिक्षकाचे आणि पाहुण्यांचे नाव लिहून वही मिटू नका.

बर्लिनमध्ये १९१७ साली पहिल्यांदा चेंडू हातात घेतलेल्या त्या बायकांची अशी वही कुणी ठेवली नाही. म्हणून आज आपण हायझरचे नाव सांगू शकतो, शेलेन्झचे सांगू शकतो, पण त्यांतल्या एकीचेही सांगू शकत नाही. आपल्या मुलींच्या बाबतीत शंभर वर्षांनी कुणाला असे लिहावे लागले, तर तो दोष इतिहासाचा नसेल, आपला असेल.